मोरचूद, चुना आणि चाकू: पीयूसीच्या पेपरातलं नेट आयनिक इक्वेशन

अथणीकडून बेळगावात पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आलेली एक मुलगी माझ्या ट्यूशनला यायची. घरी द्राक्षबाग, बुरशीसाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी ठरलेली. नेट आयनिक इक्वेशन म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. एकदा मी तिला विचारलं, "बोर्डो मिश्रण बरोबर जमलंय की नाही, ते घरी कसं बघता गं?" ती लगेच म्हणाली, "बाबा चाकूचं पातं बुडवून बघतात की सर. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला म्हणायचं. अजून चुना ओतायचा."

१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी हे १ टक्का बोर्डोचं माप द्राक्षवाल्यांच्या घरात पाढ्यासारखं पाठ असतं. चाकूची परीक्षाही तशीच पिढीजात. पात्यावर जे घडतं ते एका ओळीत मावतं:

आयर्न (घन) + कॉपर(२+) → आयर्न(२+) + कॉपर (घन)

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पण ह्या ओळीत सल्फेट कुठंच नाही. ते पिंपातच आहे; पातं बुडवायच्या आधी जेवढं होतं तेवढंच नंतरही आहे. त्याचं काही बिघडलं नाही, काही घडलं नाही, म्हणून त्याला ओळीत जागा नाही. ज्यांचं खरोखर काही झालं तेवढ्यांचीच नोंद ठेवणारं समीकरण म्हणजे निव्वळ आयनिक समीकरण. (लोखंडी किंवा जस्ताच्या पिंपात बोर्डो करू नये म्हणतात, त्यामागंही हेच आहे. तांबं फवारणीत जायच्या ऐवजी पिंपालाच बसतं.)

पुढं जाण्याआधी लिखाणाबद्दल एक खुलासा. इथं मी सूत्रांऐवजी नावं लिहितोय आणि आयनाचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूचा किंवा अणूंच्या गटाचा, भार कंसात देतोय. पेपरात तुम्हाला चिन्हं आणि सूत्रंच लिहायची आहेत, अवस्थेसाठी कंसात 'एस' (घन), 'एल' (द्रव), 'जी' (वायू), 'एक्यू' (पाण्यात विरघळलेलं) लिहायचं आहे. पण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून येऊन एकदम इंग्रजी पीयूसीत पडलेल्या पोरांसाठी फळ्यावर पहिले काही दिवस मी नावांनीच सुरुवात करतो. कुठला तुकडा सुटतो आणि कुठला अखंड राहतो, ते नावात लख्ख दिसतं. 'नायट्रेट' हा एकच शब्द असतो, त्याचा नायट्रोजन आणि ऑक्सिजन करावासा कुणाला वाटत नाही. सूत्र लिहिलं की मात्र हात शिवशिवतात.

आणखी एक शब्द. पुस्तकात 'स्पेक्टेटर आयन' असतो, मराठीत 'प्रेक्षक आयन' म्हणतात. मी 'बघे' म्हणतो. आपल्याकडं जत्रेतल्या कुस्त्या सगळ्यांनीच पाहिल्यात. मैदानात दोघं, कडेला हजार. निकाल लिहिताना दोघांचीच नावं. तरी बघे फुकटचे नसतात, हेही सांगून ठेवतो: नुसते कॉपर आयन बाटलीत भरून कुणी विकत नाही, धन भाराच्या सोबतीला ऋण भार लागतोच. सल्फेट ती सोबत करतं.

आधी पूर्ण समीकरण, घाई नको

लेड नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड ओतलं की पिवळाधमक साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, पडतो. सुरुवात नेहमीच्या समीकरणानं करा:

लेड नायट्रेट + २ पोटॅशियम आयोडाइड → लेड आयोडाइड + २ पोटॅशियम नायट्रेट

इथं सूत्र चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. लेडचा भार २+, आयोडाइडचा १−, म्हणून एका लेडला दोन आयोडाइड. भार जुळवून आधी सूत्र पक्कं करायचं, मग पुढचे आकडे घालून समीकरण संतुलित करायचं. उलट क्रमानं जाणारी पोरं संतुलन जमेना म्हणून सूत्रच बदलून टाकतात. लेडला एकच आयोडाइड लावून समीकरण 'जमवलेलं' मी कितीदा तरी पाहिलंय.

मोडायचं कुणाला

सगळा खेळ ह्या पायरीवर आहे. पुढं फक्त कापाकापी उरते, ती कुणालाही जमते. चुका होतात त्या कुणाला मोडायचं आणि कुणाला नाही, ह्या निर्णयात. प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारा. हा पाण्यात विरघळतो का? विरघळला तर तो जवळजवळ पूर्णपणे आयनांत सुटतो का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच मोडा. एकाचं जरी 'नाही' आलं तरी अखंड ठेवा.

पहिल्या प्रश्नासाठी विद्राव्यतेचे नियम पाठच पाहिजेत, त्याला पळवाट नाही. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम ह्यांचे क्षार विरघळतात. नायट्रेट सगळे विरघळतात, ॲसिटेटही जवळपास सगळे. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड विरघळतात. अपवाद सिल्व्हर, लेड आणि एकभारी मर्क्युरी. सल्फेट विरघळतात, अपवाद बेरियम, स्ट्रॉन्शियम, लेड, आणि कॅल्शियमचं अगदी थोडंसंच विरघळतं. कार्बोनेट, फॉस्फेट, सल्फाइड, हायड्रॉक्साइड हे उलटे: बहुतेक विरघळत नाहीत, पण सोडियम-पोटॅशियम-अमोनियमचे विरघळतात. बेरियम हायड्रॉक्साइड बऱ्यापैकी विरघळतं, कॅल्शियमचं जेमतेम. त्या 'जेमतेम'कडं पुढं येतोच.

दुसरा प्रश्न जास्त फसवा आहे, कारण पाण्यात मजेत विरघळूनही न मोडणारे पदार्थ असतात. साखर घ्या: विरघळते, पण रेणू अखंड. ॲसिडांमध्ये पूर्ण मोडणारी म्हणून सहा नावं लक्षात ठेवा: हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, परक्लोरिक. ह्या सहांच्या बाहेरचं ॲसिड दिसलं की ते कमकुवत धरा आणि अखंड लिहा. ॲसिटिक, हायड्रोफ्लोरिक, फॉस्फोरिक, कार्बोनिक, नायट्रस, हायड्रोजन सल्फाइड, सगळी त्यात आली. बेसमध्ये अमोनिया कमकुवत. पाणी तर मोडायचंच नाही. (सल्फ्युरिक ॲसिडाचा दुसरा हायड्रोजन पहिल्याइतका सहज सुटत नाही, हे खरं आहे. तरी पेपरात वेगळं काही सांगितलं नसेल तर दोन्ही सोडून लिहिण्याची पद्धत आहे.)

ह्या ॲसिटिक ॲसिडानं मला स्वतःला एका परीक्षेत बुडवलंय. प्रश्न होता ॲसिटिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड. ॲसिड आणि बेस दिसल्याबरोबर मी डोळे झाकून लिहिलं: हायड्रोजन(+) + हायड्रॉक्साइड(−) → पाणी. अणू जुळले, भार जुळला, मी खूश. मार्क शून्य. हवं होतं ते असं:

ॲसिटिक ॲसिड + हायड्रॉक्साइड(−) → ॲसिटेट(−) + पाणी

सोडियम तेवढा बघा आहे. ॲसिटेट बघा नाही, कारण डावीकडं तो मोकळा नव्हताच. हायड्रॉक्साइडनं येऊन त्याचा हायड्रोजन काढून घेतला तेव्हा तो सुटला. समीकरण संतुलित असूनही चुकीचं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मोडताना आकड्यांचा घोळ होतो तो असा: कॅल्शियम क्लोराइड मोडलं की एक कॅल्शियम(२+) आणि दोन सुटे क्लोराइड(−). दोन क्लोराइड म्हणजे क्लोरीनचा जोड-रेणू नव्हे. सूत्रात खाली असलेला २ मोडल्यावर पुढं येऊन बसतो. पण नायट्रेटच्या पोटातला ३ तिथंच राहतो, तो नायट्रेटचा स्वतःचा आहे.

आता आपलं पिवळं समीकरण मोडू:

लेड(२+) + २ नायट्रेट(−) + २ पोटॅशियम(+) + २ आयोडाइड(−) → लेड आयोडाइड (घन) + २ पोटॅशियम(+) + २ नायट्रेट(−)

ही लांब ओळ कंटाळवाणी आहे म्हणून पोरं ती गाळतात आणि मनातल्या मनात कापतात. वेळ कमी असला तरी ही ओळ लिहाच. चूक सापडायची तर इथंच सापडते.

कापणी

दोन्ही बाजूंना अगदी हुबेहूब असलेलेच कापा. नाव तेच, भार तोच, अवस्था तीच. वरच्या ओळीत पोटॅशियम आणि नायट्रेट गेले, उरलं:

लेड(२+) + २ आयोडाइड(−) → लेड आयोडाइड (घन)

बोर्डोच्या ओळीत डावीकडं घन आयर्न आणि उजवीकडं आयर्न(२+) आहे. दोन्हीकडं आयर्न दिसलं म्हणून कापणारे निघतात! पातं आणि पाण्यातला आयन एकच धरला तर मग घडलं काय?

कापून झाल्यावर आकडे लहान होतात का बघा. बेरियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडात कापल्यावर २ हायड्रोजन(+) + २ हायड्रॉक्साइड(−) → २ पाणी उरतं. दोननं भागून टाका.

भाराची बेरीज

अणू सगळेच मोजतात, भार मोजायचा राहून जातो. त्या मुलीनं एकदा विचारलं, चाकूऐवजी ॲल्युमिनियमची पट्टी बुडवली तर? आणि स्वतःच वहीत लिहिलं:

ॲल्युमिनियम + कॉपर(२+) → ॲल्युमिनियम(३+) + कॉपर

अणू बघाल तर एकास एक, छान जुळलेत. पण डावीकडं एकूण भार २+ आणि उजवीकडं ३+. एक धन भार हवेतून आला काय? ॲल्युमिनियम तीन इलेक्ट्रॉन देतो, कॉपर दोन घेतो, मग देणं-घेणं सहावर जुळवायचं:

२ ॲल्युमिनियम + ३ कॉपर(२+) → २ ॲल्युमिनियम(३+) + ३ कॉपर

दोन्हीकडं ६+. बाजूंचा भार शून्यच आला पाहिजे असं नाही, दोन्हीकडं सारखा आला म्हणजे झालं. (खरोखर पट्टी बुडवलीत तर बराच वेळ काही दिसणार नाही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर असतो, तो आधी फुटावा लागतो. चिमूटभर मीठ टाकलं की काम लवकर सुरू होतं.)

चुन्याची निवळी आणि चुन्याचं दूध

मघाचं 'जेमतेम' इथं कामाला येतं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड मोडायचं की नाही? उत्तर प्रश्नातल्या शब्दावर आहे. वर आलेली स्वच्छ निवळी, म्हणजे पुस्तकातलं 'लाइम वॉटर', असेल तर त्यात विरघळलेलाच चुना आहे, मोडा. निवळीत फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते ते असं:

कॅल्शियम(२+) + २ हायड्रॉक्साइड(−) + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट (घन) + पाणी

पण 'मिल्क ऑफ लाइम', म्हणजे न विरघळलेल्या कणांनी पांढरं झालेलं चुन्याचं दूध असेल, तर बहुतेक चुना घनरूपातच आहे, तो अखंड ठेवा. आपल्या जिल्ह्यात उसाचे ट्रॅक्टर ज्या कारखान्यांकडं रांगा लावतात, तिथं रस स्वच्छ करण्यासाठी हेच दूध आणि सल्फर डायऑक्साइड वापरण्याची रीत आहे. साधं रूप असं:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड (घन) + सल्फर डायऑक्साइड → कॅल्शियम सल्फाइट (घन) + पाणी

गंमत बघा, ह्यात एकही सुटा आयन उरला नाही. 'निव्वळ आयनिक' मागितलं आणि आयनच नाहीत म्हणून घाबरू नका. मोडण्यासारखं काही नसेल तर नाही.

दुसरं टोक म्हणजे एकही बघा नसणं. बेरियम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक ॲसिड:

बेरियम(२+) + २ हायड्रॉक्साइड(−) + २ हायड्रोजन(+) + सल्फेट(२−) → बेरियम सल्फेट (घन) + २ पाणी

साकाही पडतो, पाणीही होतं, कुणीच मोकळं राहत नाही. सवयीनं इथं नुसतं 'हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइडचं पाणी' लिहिलं तर अर्धी अभिक्रिया गाळली. ह्या द्रावणात विजेचा दिवा जोडून प्रयोग केला तर ॲसिड पडत जाईल तसा तो मंद होतो आणि प्रमाण बरोबर जुळल्यावर जवळजवळ विझतो. वीज वाहून न्यायला आयन उरतच नाहीत.

इंडालचं ॲल्युमिना, क्षारपरीक्षण आणि जोडआयन

बेळगावात ज्याला जुनी माणसं अजून इंडाल म्हणतात, त्या हिंडाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात. दाबाखाली गरम कॉस्टिक सोड्यात (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) बॉक्साइटमधलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड विरघळतं, लोखंडाचे ऑक्साइड विरघळत नाहीत, ते लाल चिखल होऊन मागं राहतात.

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड (घन) + हायड्रॉक्साइड(−) → टेट्राहायड्रॉक्सोॲल्युमिनेट(−)

सोडियम इथं बघा आहे. उजवीकडचा लांबलचक आयन हा जोडआयन, तो एकसंध आहे. त्याचा पुन्हा ॲल्युमिनियम(३+) आणि चार हायड्रॉक्साइड करायचा नाही. नंतर द्रावण थंड करून तयार स्फटिकांचं बी टाकलं की हीच अभिक्रिया उलटी फिरते आणि स्वच्छ हायड्रॉक्साइड खाली बसतं.

असाच जोडआयन प्रात्यक्षिकात क्लोराइड ओळखताना भेटतो. सिल्व्हर नायट्रेटनं दह्यासारखा पांढरा साका पडतो, तो अमोनियात विरघळतो:

सिल्व्हर क्लोराइड (घन) + २ अमोनिया → डायअमाइनसिल्व्हर(+) + क्लोराइड(−)

अमोनियम क्षार सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवल्यावर नाकात जाणारा वास येतो, त्याची ओळ: अमोनियम(+) + हायड्रॉक्साइड(−) → अमोनिया (वायू) + पाणी. कार्बोनेटवर ॲसिड टाकल्यावर कार्बोनिक ॲसिड लिहून थांबू नका, ते तिथल्या तिथं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. संगमरवराचा तुकडा असेल तर कॅल्शियम कार्बोनेट अखंड, वॉशिंग सोड्याचं (सोडियम कार्बोनेटचं) द्रावण असेल तर मोडलेलं कार्बोनेट(२−). ह्या दोन ओळी स्वतः लिहून बघा.

इलेक्ट्रॉनांची देवघेव असेल तर

रेडॉक्समध्ये आधी पूर्ण समीकरण लिहायच्या भानगडीत मी पडत नाही, सरळ अर्ध्या अभिक्रियांपासून (एकीत इलेक्ट्रॉन घेणं, दुसरीत देणं) सुरू करतो. टायट्रेशनमधलं पोटॅशियम परमँगनेट आणि मोहर सॉल्ट (आयर्न(२+) आणि अमोनियमचं सल्फेट) घ्या. माध्यम आम्लधर्मी. पोटॅशियम, अमोनियम, सल्फेट बघे, ते पहिल्यांदाच बाजूला.

एका बाजूनं परमँगनेटचा मँगनीज(२+) होतो. चार ऑक्सिजन आहेत, म्हणून उजवीकडं ४ पाणी. त्यासाठी डावीकडं ८ हायड्रोजन(+). आता भार: डावीकडं ७+, उजवीकडं २+, म्हणून डावीकडं ५ इलेक्ट्रॉन.

परमँगनेट(−) + ८ हायड्रोजन(+) + ५ इलेक्ट्रॉन → मँगनीज(२+) + ४ पाणी

दुसरीकडं आयर्न(२+) एक इलेक्ट्रॉन देऊन आयर्न(३+) होतं. त्याला पाचनं गुणा आणि दोन्ही मिळवा:

परमँगनेट(−) + ५ आयर्न(२+) + ८ हायड्रोजन(+) → मँगनीज(२+) + ५ आयर्न(३+) + ४ पाणी

दोन्ही बाजूंना १७+. क्रम महत्त्वाचा आहे: मुख्य अणू, ऑक्सिजन, हायड्रोजन, शेवटी भार. क्रम उलटा केलात तर गोल गोल फिरत राहाल. आणि उत्तरात इलेक्ट्रॉन उरला असेल तर कुठंतरी गुणायचं राहिलंय. (ॲसिड म्हणून विरल सल्फ्युरिकच का, असं तोंडी परीक्षेत विचारतात. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडलाही खातो आणि रीडिंग वाढतं.)

माध्यम अल्कधर्मी असेल तर आधी आम्लधर्मी धरूनच सोडवा. मग जेवढे हायड्रोजन(+) उरले तेवढे हायड्रॉक्साइड(−) दोन्ही बाजूंना घाला, एका बाजूला जोड्या जमून पाणी होईल, दोन्हीकडचं सामाईक पाणी कापा. परमँगनेटनं आयोडाइडचं आयोडीन होतं तेव्हा शेवटी हे यायला हवं:

२ परमँगनेट(−) + ६ आयोडाइड(−) + ४ पाणी → २ मँगनीज डायऑक्साइड (घन) + ३ आयोडीन + ८ हायड्रॉक्साइड(−)

भार दोन्हीकडं ८−. अल्कधर्मी उत्तरात हायड्रोजन(+) दिसला तर ते उत्तर पुरं झालेलं नाही.

सरावाला तीन

झिंक धातू आणि विरल हायड्रोक्लोरिक ॲसिड. अमोनियाचं द्रावण आणि नायट्रिक ॲसिड. सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम नायट्रेट. आधी वहीत सोडवा, मग खाली बघा.

पहिल्यात क्लोराइड हा बघा आहे: झिंक (घन) + २ हायड्रोजन(+) → झिंक(२+) + हायड्रोजन (वायू). दुसऱ्यात अमोनिया कमकुवत, म्हणून अखंड: अमोनिया + हायड्रोजन(+) → अमोनियम(+). तिसऱ्यात चारही आयन बघे. कापत गेलात की ओळ रिकामी होते, आणि पोरं ती तशीच रिकामी सोडून पुढच्या प्रश्नाकडं जातात. मग तपासणाऱ्याला वाटतं, प्रश्न सोडवलाच नाही. लांब आयनिक ओळ लिहा, चारही कापलेले दाखवा आणि खाली स्पष्ट लिहा: 'अभिक्रिया होत नाही'.